बारा नंबरची तार

पाटीवर अजून 'शिवगण सायकल मार्ट' आहे.
पाटी बापाच्या वेळची. सायकली आता
महिन्याला दोन येतात, फार तर तीन.
पोट चालतं ते ट्रकांच्या टायरांवर.

रात्री तीनला कंटेनर थांबला,
हातखंब्याच्या अलीकडे, माझ्या बल्बाखाली.
ड्रायव्हर हुबळीकडचा, डोळे तांबारलेले.
म्हणाला, निवळीच्या चढापासून मागचं चाक बसतंय.
थर्मासात चहा होता, तो दिला.

जॅक लावला. पान्यावर उभं राहून नट सोडवले.
टायर उघडला, आतून बोट फिरवलं,
आणि ती टोचली.
वीतभर तार, वाकलेली,
एका टोकाला पितळी निपल.

खिळा असता तर काही नव्हतं.
खिळे रोज निघतात, डब्यात पडतात.
ही सायकलच्या चाकाची.
त्यातही बारा नंबरची, जाड.
ती या पट्ट्यात माझ्याशिवाय कोणी घालत नाही,
आणि मी घालतो ओझ्याच्या सायकलींनाच.
त्या तीन.

एक शौकत होडेकर, पाववाला.
पहाटे पावणेपाचला रबरी भोंगा वाजवत येतो,
मागे पत्र्याची पेटी, त्याच्यापेक्षा रुंद.
एक धोंडू घवाळी. चिरेखाणीवर
चाळीस माणसांची भाजी-भाकरी पोचवतो.
आणि एक मांडवकरांची रेश्मा, आशाताई,
कॅरिअरला लसींचा निळा डबा,
वरून आंबाड्याची जुडी, कुणीतरी दिलेली.

तिघांना मी सांगून झालंय,
पांढऱ्या पट्टीच्या आत येऊ नका.
पण पट्टीच्या बाहेर रस्ता हातभर,
आणि त्याच्यापुढे काँक्रीट तुटतं, सरळ वीतभर खाली.
चाक एकदा उतरलं की परत चढत नाही, माणूस आडवा होतो.
आणि ट्रक जाताना आधी ढकलतो,
मग लगेच ओढतो.
ढकलतो ते सगळ्यांना कळतं.
ओढतो ते ज्याला कळतं
त्याने नुकतंच हँडल घट्ट धरलेलं असतं डावीकडे.
रेश्मा म्हणाली होती, दादा, तो वारा
पदराला धरून बोलावल्यासारखा येतो.

ड्रायव्हरने विचारलं, काय निघालं?
म्हटलं, तार.
तो म्हणाला, रस्त्यावर काय काय पडलेलं असतं.
मग आपणहून म्हणाला,
वर बसलं की खालचं दिसत नाही हो,
आरशात नुसतं हललेलं दिसतं,
कुत्रं का माणूस, कळेपर्यंत मागे गेलेलं असतं.
तो खोटं बोलत नव्हता.
तीन रात्री झोपलेला नव्हता, हेही खरं.
मी पॅच घासला, सोल्युशन लावलं, फुंकर मारली.
पैसे घेतले. सुटे नव्हते, त्याने दहा सोडले.

तार खिशात ठेवली.
कुणाच्या चाकातून कधीची पडली असेल,
चार दिवसांपूर्वीची, महिन्याचीही.
तारा अशाही तुटतात. मीच किती बदलल्यात.
असं मनाशी म्हणत बाकड्यावर बसलो,
बल्ब चालूच ठेवला.

पावणेपाच झाले. पाच झाले.
मासळीच्या गाड्या गेल्या, पाणी सांडत.
सव्वापाचला वळणापलीकडून भोंगा आला,
बसका, नेहमीचा,
आणि मी उभाच राहिलो.
शौकत म्हणाला, काय रे, भूत बघितल्यासारखा?
बेकरीत भट्टी उशिरा पेटली.
त्याच्या मागच्या चाकाला हात लावून तारा मोजल्या.
चाळीस. सगळ्या.
तो हसला. मी हसलो नाही.
दोन पाव घेतले, गरम होते, तसेच हातात राहिले.

सातला धोंडूचा पोरगा आला, चालत.
म्हणाला, बाबाला ताप आहे,
सायकल घरी ओटीवर आहे, हवा भरायला कधी आणू?
म्हटलं, आण कधीही.

आता साडेनऊ.
ऊन रस्त्यावर आलंय, दुभाजकातली कण्हेर धुळीने पांढरी.
रेश्मा सोमवारी, गुरुवारी याच वेळेला जाते.
आज गुरुवार.
उपकेंद्राचा फोन लागत नाही.
एक टँकर गेला, मग दोन टिपर,
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि वळणावर काहीतरी निळं.